पातळी आणि प्रत : उर्से येथील अंगणातील कूलंट-बदलाचा अनुभव

उर्से हे मावळ तालुक्यातील गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते मुख्यतः मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे. परंतु या मार्गाने परिसरातील गाडीमालकांना आणखी एका गोष्टीशी बांधून टाकले आहे, ती म्हणजे इंजिनाचे तापणे. ९४.५ किलोमीटर लांबीचा आणि २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग खोपोलीहून खंडाळ्याकडे येताना बोरघाट चढतो, आणि मुंबईहून परतणाऱ्या उर्से, परंदवडी, सोमाटणे वा तळेगावच्या गाडीला घर गाठण्याआधी हा चढ पार करावाच लागतो. सुट्टीच्या दिवशी घाटात वाहने खोळंबली की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत राहते, एसी चालू असतो, समोरून वारा लागत नाही, आणि इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्याचा सारा भार रेडिएटरमागच्या पंख्यावर व रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवावर येऊन पडतो. हा द्रव, म्हणजेच कूलंट, घरच्या अंगणात बदलण्याचे काम प्रस्तुत लेखकाने आधी स्वतःच्या आणि पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांवर अनेक वर्षे केले असून, त्या कामातून जे हाती लागले त्याची मांडणी येथे केली आहे.

या कामाचे सार एका वाक्यात सांगता येते: बाटलीतील पातळी द्रव किती आहे एवढेच सांगते, तो कशा प्रतीचा आहे हे सांगत नाही, आणि बहुतेक गाडीमालक आयुष्यभर फक्त पातळीच पाहत राहतात. बॉनेट उघडून ‘मॅक्स’च्या रेषेपर्यंत द्रव दिसला की देखभाल झाली असे मानले जाते, आणि कमी दिसला तर हाताशी असेल ते पाणी ओतले जाते. अंगणातील कामाचा मोठा भाग या समजुतीचे परिणाम निस्तरण्यात गेला.

कूलंट म्हणजे निव्वळ रंगीत पाणी नव्हे. त्यात पाणी असतेच, कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. त्याच्या जोडीला एथिलीन ग्लायकॉल नावाचे सेंद्रिय संयुग असते, जे मिश्रणाचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते ज्या तापमानाला उकळू लागते तो बिंदू, वाढवते आणि गोठणबिंदू खाली नेते. आणि तिसरा घटक म्हणजे गंजरोधक रसायने, ज्यांचे प्रमाण अगदी अल्प असले तरी काम सर्वांत नाजूक असते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग या द्रवामार्फत बाहेर पडतो. वॉटर पंप त्याला इंजिनाच्या ब्लॉकमधून व हेडमधून फिरवतो, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे आतील मेण वितळून प्रसरण पावले की उघडणारी झडप, साधारणपणे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याला रेडिएटरकडे जाण्याची वाट मोकळी करून देतो.

मावळात बर्फ पडत नाही, मग गोठणबिंदू खाली नेणारे रसायन कशासाठी, हा प्रश्न या कामात सतत विचारला गेला आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर घाटातच सापडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण समुद्रसपाटीवर साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात भर पडते ती झाकणाची. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे आतील दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवते. त्यावर छापलेला ०.९ किंवा १.१ हा आकडा तीच मर्यादा दाखवतो. या दाबाखाली नुसते पाणीसुद्धा ११८ अंशांच्या पुढे उकळते, आणि योग्य मिश्रण त्याहूनही वर टिकते. चढावर, रांगेत, मे महिन्याच्या दुपारी हीच वाढीव मर्यादा कामाला येते. शिवाय ॲल्युमिनियमचे हेड, बिडाचा ब्लॉक आणि जुन्या रेडिएटरमधील तांबे-पितळ असे निरनिराळे धातू एकाच द्रवात भिजत असताना त्यांच्यात विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. ती थोपवण्याचे काम गंजरोधक रसायने करतात, आणि त्याचा बर्फाशी काहीही संबंध नाही.

नुसत्या पाण्यावर भागवण्याच्या सवयीला मात्र इतिहास आहे, आणि तो समजून न घेता तिला नावे ठेवणे योग्य नव्हे. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर यांच्या काळात जुन्या महामार्गाने बोरघाट चढणारी गाडी मध्येच थांबवणे, बॉनेट उघडून इंजिन निवू देणे आणि सोबत आणलेल्या डब्यातील पाणी रेडिएटरमध्ये घालणे हा प्रवासाचाच भाग होता. घाटातील शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून नाणे वाहणारी ड्रायव्हर मंडळी पाण्याचा डबाही तितक्याच नेमाने बाळगत. त्या इंजिनांत बीड व पितळ अधिक होते, तापमान व दाब तुलनेने कमी होते, आणि पाण्याने होणारे नुकसान दिसायला बराच काळ जाई. आजच्या इंजिनांत ॲल्युमिनियम अधिक आहे, द्रवाच्या वाटा अरुंद आहेत आणि तापमानाची मर्यादा काटेकोर आहे. त्यामुळे वडिलांकडून मुलाकडे आलेली सवय तीच राहिली तरी तिची किंमत मात्र वाढली आहे.

ही किंमत कशी दिसते याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे परिसरातील एका कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराची जुनी हॅचबॅक. गाडी ‘पाणी खाते’ अशी तक्रार होती, आणि मालक दर आठवड्याला बोअरचे पाणी टाकून पातळी इमानेइतबारे राखत होता. ड्रेन कॉक, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी असलेली निचऱ्याची तोटी, उघडली तेव्हा आधी काहीच आले नाही; तारेने तोंड मोकळे केल्यावर विटकरी रंगाचे दाट पाणी घमेल्यात पडू लागले, आणि घमेले हलवले की तळाशी गंजाची बारीक रेती सरकताना स्पष्ट दिसे. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. तापलेल्या धातूवर हे क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात, हा थर उष्णता अडवतो, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बंद होत जातात. म्हणजे प्रत्येक आठवड्याला टाकलेले पाणी पातळी भरून काढत होते आणि त्याच वेळी रेडिएटर निकामी करत होते. गळती शोधली तेव्हा ती खालच्या होस पाइपच्या सैल झालेल्या क्लिपमध्ये निघाली. म्हणजे दुखणे किरकोळ होते, पण त्यावर चाललेला उपाय गाडीला अधिक महागात पडला होता. या कामात पाणी वापरायचे ते डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त केलेले, हा नियम त्या घमेल्याने जितका ठसवला तितका कोणत्याही पुस्तकाने ठसवला नसता.

पातळी आणि सत्य यांची फारकत याहूनही सूक्ष्म रीतीने होऊ शकते, हे फुलांची वाहतूक करणाऱ्या एका टेम्पोने दाखवून दिले. त्याच्या बाजूच्या बाटलीत कूलंट सदैव भरलेले दिसे, तरीही चढावर काटा वर जाई. अनेक गाड्यांत झाकण थेट रेडिएटरवर असते आणि बाजूची बाटली केवळ साठ्याची असते: इंजिन तापले की प्रसरण पावलेला द्रव झाकणातील मोठ्या झडपेतून बाटलीत जातो, आणि इंजिन थंड झाले की आत निर्माण झालेल्या निर्वातामुळे झाकणातील छोट्या झडपेतून तो परत ओढला जातो. ही छोटी झडप बिघडली किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली, तर द्रवाच्या जागी हवा आत ओढली जाते. बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. त्या टेम्पोचे थंड झाकण उघडल्यावर आत बोट घातले तरी द्रव लागला नाही. नव्या झाकणाने ते दुखणे संपले. तेव्हापासून कोणत्याही गाडीची तपासणी बाटलीपासून नव्हे तर थंड इंजिनाच्या झाकणापासून सुरू करण्याचा शिरस्ता पडला. ज्या गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसते आणि दाब धरणारे झाकण बाटलीवरच असते, त्यांत मात्र ही बाटलीच मुख्य भांडे ठरते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या रचनेची आहे हे पुस्तिकेतून पाहून घेणे अगत्याचे असते.

काट्याबद्दलही असेच सांगावे लागते. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. द्रव खाली उतरून सेन्सर कोरडा पडला तर इंजिन भाजत असतानाही काटा शांत राहू शकतो. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, केवळ निळा व लाल दिवा असतो, आणि लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

प्रत्यक्ष काम दिसायला सोपे असते आणि त्यातील बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा पहिला आणि अनुल्लंघनीय नियम होय; कारण झाकण उघडताच दाब एकदम उतरतो, १०० अंशांच्या वर असूनही दाबामुळे द्रवरूप राहिलेले मिश्रण त्याच क्षणी उकळून उसळते, आणि चेहरा व हात भाजून निघतात. वरचा होस पाइप दाबून तो मऊ लागला, इंजिन हाताला गार लागले, म्हणजे मग जाड फडके ठेवून झाकण सैल करावे. काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणे शहाणपणाचे असते. गाडी सपाट जागी असावी, चाकांना अटकाव द्यावा, आणि खाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये.

रेडिएटर रिकामा झाला म्हणजे सारे कूलंट निघाले असे होत नाही, आणि येथेच घरगुती कामातील सर्वांत मोठी गफलत घडते. ब्लॉकमध्ये आणि केबिन गरम करणाऱ्या हीटरच्या नळ्यांत बराच द्रव उरतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, पुन्हा थंड होऊ देऊन ते काढावे लागते, आणि बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चक्र पुन्हा करावे लागते. त्यानंतर मात्र आत उरलेले पाणी हिशेबात धरणे आवश्यक असते. समजा, एखाद्या गाडीची एकूण क्षमता ५ लिटर आहे आणि शेवटच्या निचऱ्यात ३ लिटर पाणी बाहेर आले, तर २ लिटर पाणी आतच आहे. अशा वेळी आधीच निम्मे-निम्मे केलेले तयार मिश्रण ओतले तर ते आतील पाण्याने पातळ होऊन ग्लायकॉलचे प्रमाण ३० टक्क्यांवर येते. निम्मे-निम्मे प्रमाण हवे असेल तर अडीच लिटर सांद्र, म्हणजे पाणी न मिसळलेले, कूलंट आणि केवळ अर्धा लिटर पाणी घालावे लागते. निघालेला द्रव मोजपट्टी असलेल्या कॅनमध्ये ओतून मोजण्याची सवय याच हिशेबातून लागली, आणि पुढे ती या साऱ्या कामाचा कणा ठरली. याच्या उलट, ‘अधिक चांगले’ म्हणून निव्वळ सांद्र कूलंट भरण्याचा आग्रहही अनेकांनी धरला. परंतु निव्वळ ग्लायकॉलची उष्णता सामावून घेण्याची क्षमता पाण्याच्या जवळपास निम्मी असते, त्यामुळे असे इंजिन उलट अधिकच तापते.

रंगाविषयीचा गैरसमज तर सर्वत्र आढळतो. हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी हा केवळ घातलेला रंग असतो. त्यावरून आतील रसायनांची खात्री पटत नाही, कारण रंगांचे सर्वमान्य प्रमाण नाही. खरा फरक गंजरोधकांत असतो: सिलिकेटसारख्या अकार्बनी क्षारांवर आधारलेले जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांत क्षीण होते, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट पाच वर्षे वा अधिक टिकू शकते, आणि दोन्हींचा मेळ घालणारे संकरित प्रकारही आहेत. एका निवृत्त शिक्षिकेच्या गाडीत निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळी कूलंटे भरली गेली होती. बाटलीच्या गळ्याशी तपकिरी, चिकट साका जमलेला होता आणि आतील पातळीची रेषाही दिसेनाशी झाली होती. तेथे वर आणखी काही ओतण्यात अर्थ नव्हता, सारे रिकामे करून धुण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून डब्यावरील रंगापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतील विनिर्देश आणि भारतीय मानक ‘आयएस ५७५९’ यांसारखा उल्लेख पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

भरण्याच्या टप्प्यावर खरी परीक्षा हवेची असते. नरसाळ्यातून घाईने ओतलेला द्रव आत हवेचे खिसे अडकवतो, आणि ज्याला बोलीत ‘एअर धरली’ म्हणतात ती अवस्था येते: पातळी पूर्ण, पण हेडच्या वरच्या भागात द्रवाऐवजी हवा. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही वारा गार येत असेल तर हवा अडकल्याची ती उत्तम खूण होय. गाडीचे तोंड किंचित उंच ठेवणे, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करणे, इंजिन मंद चालवत बुडबुडे येऊन जाऊ देणे, होस हलकेच दाबणे, आणि पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत जागचे न हलणे, एवढाच त्यावर उपाय आहे. पुढील काही दिवस थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी लागते, कारण उरलीसुरली हवा हळूहळू निघते आणि पातळी थोडी उतरते. घाईत उरकलेले काम याच दिवसांत उघडे पडते.

घरच्या कामाची मर्यादा ओळखणे हाही या अनुभवाचा महत्त्वाचा भाग आहे. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे सतत येत असतील, तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसत असेल, किंवा बाहेर कोठेही गळती नसताना द्रव कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक व हेड यांमधील बंदिस्तपणा राखणारी पट्टी, गेली असण्याचा संभव असतो. अशा गाडीत नवे कूलंट भरणे म्हणजे मूळ दुखणे लांबवणे होय. अशा गाड्या अंगणातून थेट अनुभवी मेकॅनिककडे पाठवल्या गेल्या. त्याचबरोबर, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची जी प्रथा काही ठिकाणी रूढ आहे, तिलाही नकार देणे भाग पडले. थर्मोस्टॅटविना इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते, झीज वाढते, आणि मूळ कारण तसेच दडून राहते.

शेवटचा आणि बहुधा दुर्लक्षिला जाणारा प्रश्न निघालेल्या द्रवाचा असतो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. शरीरात गेल्यावर त्याचे ऑक्झॅलिक आम्लात रूपांतर होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात, आणि थोड्या प्रमाणातही ते कुत्रा, शेळी वा लहान मूल यांच्या जिवावर बेतू शकते. कुणी चुकून ते प्यायल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. मावळातील अंगणात गुरे, कोंबड्या, कुत्री आणि मुले यांचा वावर असतोच. त्यामुळे घमेले उघडे सोडून चहाला जाण्याची मुभा या कामात नाही. सांडलेला थेंबन्‌थेंब मातीने वा भुश्श्याने टिपून घेतला जातो, आणि निघालेले कूलंट झाकणबंद कॅनमध्ये, ठळक नाव लिहून, कुलूपबंद जागी ठेवले जाते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही भरले जात नाही. ते ओढ्यात, गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतणे हा त्याहून मोठा अपराध ठरेल, कारण हा मुलूख पवना नदीच्या खोऱ्यातला आहे आणि याच नदीचे पाणी खाली पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला येते. परिसरातील सेवा केंद्राला आधी विचारून, जुने इंजिन ऑइल त्यात न मिसळता, ते तिथे सुपूर्द करणे हाच स्वीकारार्ह मार्ग उरतो, आणि त्यासाठी पडणारी खेप हा कामाचाच भाग मानावा लागतो.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की, कूलंट बदलणे हे घरी करता येण्याजोगे, कमी हत्यारांचे आणि समाधान देणारे काम आहे. मात्र ज्याच्याकडे सपाट जागा, मोकळा दिवस आणि जुना द्रव नीट पोहोचवण्याची तयारी आहे त्यानेच ते हाती घ्यावे. बाकीच्यांनी ते गॅरेजकडून करून घेण्यात कोणताही कमीपणा नाही, फक्त कोणत्या प्रकारचे कूलंट, कोणत्या प्रमाणात, किती किलोमीटरवर भरले याची नोंद बॉनेटखाली चिकटवून घ्यावी. अंगणातून गेलेल्या प्रत्येक गाडीवर अशी चिठ्ठी लावण्यात आली, आणि त्या चिठ्ठ्यांनी हळूहळू प्रश्न बदलले: पूर्वी मालक ‘पाणी भरले आहे का’ असे विचारत, आता ते ‘कोणते भरले आणि कधी’ असे विचारतात. गाडीची काळजी खऱ्या अर्थाने या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.